अल्झायमरवर औषध आलं म्हणतात, ते आईला चालेल का?

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून आधी त्यातला मुद्द्याचा भाग मांडते. आईचं वय ७१. दीडेक वर्षापासून तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारते, पैशांचे हिशेब चुकायला लागलेत, पण आंघोळ, जेवण, कपडे सगळं स्वतःचं स्वतः करते. एमआरआय झाला, डॉक्टरांनी 'सुरुवातीचा अल्झायमर' असं सांगून डोनेपेझिल ही स्मृतीसाठीची गोळी सुरू केली. नवी इंजेक्शनं तिला द्यावीत का, रक्ताच्या नव्या तपासणीत कितपत अर्थ आहे आणि तुम्ही स्वतः ४४ वर्षांचे आहात तर तुमचं काय, हे तुम्हाला विचारायचंय. मध्येच एक वैतागलेलं वाक्य आहे: 'दर महिन्याला अल्झायमरवर नवा शोध लागतो, मग आईपर्यंत काहीच कसं पोहोचत नाही?'

त्या वैतागापासूनच सुरुवात करते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच अडकली आहेत.

विसरण्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी कोरा कागद देते आणि घड्याळ काढायला सांगते. गोल, आकडे आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. एका निवृत्त शिक्षकांनी सुरेख गोल काढला. बारा, तीन, सहा, नऊ आधी मांडून घेतले, मग मधले आकडे भरले. एक काटा अकराकडे नेला आणि दुसरा सरळ दहाच्या आकड्याकडे. दहा मिनिटं म्हणजे मोठा काटा दोनवर, ही मनातल्या मनात होणारी छोटीशी उलटापालट झालीच नाही. ते कागदाकडे बघत राहिले. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं, काय ते सापडत नव्हतं. घरच्यांच्या मते विसरणं सहा-आठ महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं. मेंदूत मात्र त्याची सुरुवात ते रोज वर्गावर जात होते तेव्हाच झालेली असणार.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर पहिलं लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचायला लागतात. मग चेतापेशींच्या आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या गाठी होतात, पेशी मरतात, हिप्पोकॅम्पस हा आठवणी जमा करणारा मेंदूचा भाग आक्रसतो आणि सगळ्यात शेवटी माणूस विसरायला लागतो. म्हणजे आपण ज्याला 'सुरुवातीचा अल्झायमर' म्हणतो तो आजाराच्या दृष्टीने उत्तरार्ध असतो. आजचं जवळजवळ सगळं संशोधन या उशिराशी झगडतंय. तुम्ही वाचता त्या बातम्या खोट्या नसतात. त्यातल्या बहुतेक अशा टप्प्याविषयी असतात जो तुमच्या आईने केव्हाच ओलांडला आहे, नाहीतर उंदरांविषयी असतात. आणि उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. माणसाचं बिघडलेलं जनुक घालून तो त्याला लावावा लागतो. आपणच लावलेला आजार आपणच बरा करणं तुलनेने सोपं असतं, इतकंच सांगते.

थोडं मागे जाऊ या. जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात १९०१ साली आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नाव लिहायला सांगितलं की अर्ध्यावर थांबायची आणि 'मी स्वतःला हरवून बसले' अशा अर्थाचं काही म्हणायची. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या प्रश्नोत्तरांच्या नोंदी ठेवल्या. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि पेशींबाहेरचे थर व पेशींच्या आतल्या गाठी यांचं वर्णन केलं. ही दोन्ही चिन्हं नेमकी कशाची बनलेली आहेत हे कळायला पुढची जवळपास ऐंशी वर्षं गेली. थरांमधलं अमायलॉइड १९८४ मध्ये वेगळं काढता आलं. ते ज्या मोठ्या प्रथिनापासून तुटून तयार होतं त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर निघालं आणि एक जुनं कोडं सुटलं. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतात आणि त्या लोकांना चाळिशी-पन्नाशीतच अल्झायमर गाठतो, तो का, याचं उत्तर मिळालं. १९९१ मध्ये याच जनुकातल्या बिघाडामुळे पिढ्यान्पिढ्या लवकर अल्झायमर होणारं कुटुंब सापडलं. उलट आइसलंडमध्ये २०१२ साली याच जनुकातला असा एक बदल सापडला, जो अमायलॉइड कमी तयार होऊ देतो. तो असलेल्यांना अल्झायमर फारसा होत नाही. दोन्ही बाजूंनी पुरावा अमायलॉइडकडेच बोट दाखवत होता.

म्हणून पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळे त्याच्याच मागे लागले आणि पुन्हा पुन्हा तोंडघशी पडले. पहिली लस रुग्णांपैकी सुमारे सहा टक्क्यांच्या मेंदूला सूज आल्यामुळे २००२ मध्ये थांबवावी लागली. बापिन्यूझुमॅब, सोलानेझुमॅब ही प्रतिपिंडं, म्हणजे अमायलॉइडला पकडण्यासाठी बनवलेली प्रथिनं, नापास झाली. अमायलॉइड तयारच होऊ नये म्हणून आणलेल्या गोळ्यांनी तर काही रुग्णांची बुद्धी आणखी घसरली. त्या दिवसांत परिषदांना जायचं म्हणजे सांत्वनाला गेल्यासारखं वाटायचं. त्यात 'नेचर'मधला २००६ चा एक गाजलेला शोधनिबंध चित्रांमधल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला. त्यावरून 'अमायलॉइडचं सगळंच थोतांड' असं समाजमाध्यमांवर फिरलं, तुम्हीही कदाचित वाचलं असेल. तसं नाही. तो निबंध अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाबद्दल होता. वर सांगितलेला जनुकांचा पुरावा त्याच्यावर उभा नव्हता.

मग औषधं का हरली? एक कारण फार साधं होतं आणि आज त्याची लाज वाटते. जुन्या चाचण्यांमध्ये घेतलेल्या बऱ्याच लोकांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतंच! लक्षणांवरून अल्झायमर वाटत होता, होता दुसराच काहीतरी आजार. जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड पेट स्कॅनवर पाहायची सोय २००४ नंतर आली आणि चाचण्यांच्या निवडीत ती रुजायला आणखी दहा वर्षं गेली. दुसरं कारण म्हणजे तोच उशीर.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. बातम्यांत ज्या दोन औषधांची नावं तुम्ही वाचली, लेकानेमॅब आणि डोनानेमॅब, ती दोन्ही अमायलॉइडला चिकटून ते साफ करणारी प्रतिपिंडं आहेत. मुख्यतः शिरेतून दिली जातात. लेकानेमॅब सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, डोनानेमॅब महिन्यातून एकदा. अमेरिकेत पहिल्याला २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, दुसऱ्याला २०२४ मध्ये. त्यांच्याआधी २०२१ मध्ये अडुकानुमॅबला घाईने मंजुरी दिली गेली होती, त्यावर मोठं वादंग झालं आणि २०२४ मध्ये कंपनीनेच ते गुंडाळलं.

लेकानेमॅबच्या चाचणीत १,७९५ जण होते, मुदत दीड वर्ष. बातमीत छापून आलं 'आजार २७ टक्क्यांनी मंदावला'. हा आकडा कुठून आला ते नीट पाहा, कारण निर्णय त्यावरच ठरतो. मोजायला वापरलेली पट्टी ० ते १८ ची आहे. रुग्णाशी आणि घरच्या माणसाशी वेगवेगळं बोलून सहा बाबतींत गुण दिले जातात: आठवण, वेळ-जागेचं भान, समस्या सोडवणं, बाहेरचे व्यवहार, घरकाम नि छंद, स्वतःची काळजी. गुण जितके जास्त तितका माणूस परावलंबी. दीड वर्षात खोटं औषध घेणारे सरासरी १.६६ ने घसरले आणि खरं औषध घेणारे १.२१ ने. फरक ०.४५ चा. एका बाबतीत 'शंकास्पद' आणि 'सौम्य' यांच्यात जे अंतर असतं ते अर्ध्या गुणाचं असतं, त्याहूनही किंचित कमी. घरात बसून, आईकडे बघून हा फरक तुम्हाला जाणवेल का? एकेका माणसात बहुधा नाही. हजारांच्या सरासरीत तो खरा आहे, यात मला शंका नाही. औषध घेतल्यावर कोणी सुधारत नाही, आठवणी परत येत नाहीत. उतार जरा कमी तीव्र होतो, बस. घसरण काही महिने पुढे ढकलली जाते. हे काही महिने मोलाचे की नाहीत, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी ते कोणाच्या वतीने ठरवत नाही. ब्रिटनमध्ये औषध-नियामकाने मंजुरी दिली, पण सरकारी आरोग्यसेवेत काय द्यायचं हे सुचवणाऱ्या संस्थेने २०२५ च्या मसुद्यात 'खर्चाच्या मानाने फायदा तोकडा' म्हणून दोन्ही औषधांना नकार दिला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत.

आता दुसरी बाजू. अमायलॉइड फक्त पेशींबाहेरच्या थरांतच साचतं असं नाही, ते मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असतं. प्रतिपिंडं ते खरवडायला लागली की भिंत पाझरते. एमआरआयवर कुठे सुजेचा पांढरट ढग दिसतो, कुठे रक्ताचे काळे ठिपके. लेकानेमॅबच्या चाचणीत सूज १२.६ टक्क्यांना आली, डोनानेमॅबच्या चाचणीत २४ टक्क्यांना. बहुतेकांना काही जाणवत नाही आणि काही आठवड्यांत ती ओसरते, म्हणून तर सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय करावे लागतात. पण थोड्यांना डोकेदुखी, गोंधळ, झटके येतात आणि मृत्यूही झाले आहेत. कोणाला धोका जास्त? एपीओई-४ हा जनुकप्रकार ज्यांना आई आणि वडील दोघांकडून मिळालाय त्यांना. लेकानेमॅबच्या चाचणीत अशा लोकांपैकी जवळपास एक तृतीयांशांना सूज आली. युरोपने मंजुरी देताना या गटाला वगळूनच दिली.

तेव्हा आईच्या डॉक्टरांना विचारण्यासारखं हे आहे. अमायलॉइड आहे याचा पुरावा आहे का, म्हणजे पेट स्कॅन, पाठीतल्या पाण्याची तपासणी किंवा खात्रीची रक्ततपासणी? नुसत्या एमआरआयवर आणि लक्षणांवर हे औषध कधीच सुरू करायचं नसतं. एपीओईची तपासणी झाली का? एमआरआयवर जुन्या रक्तस्रावाचे ठिपके किती आहेत? ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेते का? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. हे औषध चालू असताना पक्षाघात झाला आणि नेहमीप्रमाणे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर मेंदूत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून असे रुग्ण जवळ एक कार्ड बाळगतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून आई टप्प्याच्या दृष्टीने बसते, कारण ही औषधं फक्त सौम्य अवस्थेपर्यंतच तपासली गेली आहेत. पण टप्प्यात बसणं आणि औषध योग्य ठरणं यात बरंच अंतर आहे. खरं सांगायचं तर माझ्याकडे या औषधासाठी विचारणा करणाऱ्यांपैकी मी 'हो' म्हटलेले कमी आणि 'नको' म्हटलेले जास्त.

एवढ्या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावलेली गोष्ट औषधाची नाहीच. कोलंबियातल्या एका मोठ्या घराण्यात प्रिसेनिलिन-१ या जनुकातला बिघाड पिढ्यान्पिढ्या उतरतोय. ज्याला तो मिळाला त्याची स्मृती साधारण चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास ढासळायला लागते, त्यातून सहसा कोणी सुटत नाही. त्यात एक बाई सापडल्या, ज्यांच्यात तो बिघाड असूनही सत्तरी येईपर्यंत त्या ठीक होत्या. २०१९ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. स्कॅन केला तर मेंदू अमायलॉइडने गच्च भरलेला, पण टाऊच्या गाठी मात्र फारच थोड्या! त्यांच्याकडे एपीओई जनुकाचा 'क्राइस्टचर्च' नावाचा दुर्मीळ प्रकार दोन्ही बाजूंनी आलेला होता. म्हणजे थर साचले तरी तिथून गाठींकडे जाणारा रस्ता कुठेतरी अडवता येतो. एका माणसावरून सिद्धांत मांडायचा नसतो हे खरं, पण यानंतर अमायलॉइड म्हणजे काडी आणि टाऊ म्हणजे आग असं म्हणायला बरेच जण लागले. आग लागल्यावर काडी विझवून काय होणार? टाऊचं उत्पादनच कमी करणारी औषधं आता माणसांवर तपासली जात आहेत. टाऊविरोधी प्रतिपिंडांनी आतापर्यंत निराशाच केली आहे, तेव्हा आशा ठेवायची ती हात राखून.

दुसरी दिशा म्हणजे लवकर पोहोचायचं. ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड आहे पण लक्षणं शून्य आहेत, अशांना लेकानेमॅब आणि डोनानेमॅब देऊन पाहण्याच्या मोठ्या चाचण्या चालू आहेत. आनुवंशिक अल्झायमर ठरलेलाच आहे अशा कुटुंबांतल्या, अजून लक्षणं नसलेल्या २२ जणांना गँटेनेरुमॅब हे प्रतिपिंड सरासरी आठ वर्षं दिलं गेलं. लक्षणं सुरू होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. २२ माणसं म्हणजे मूठभरही नाहीत. आणि हेच औषध लक्षणं असलेल्यांमध्ये २०२२ मध्ये नापास झालं होतं. औषध तेच, वेळ वेगळी. या क्षेत्रात सध्या काय चाललंय ते या एका उदाहरणात दिसतं.

मेंदूच्या इतर आजारांचं तुम्ही ओझरतं विचारलंय, तर तिथेही हेच दिसेल. जिथे कारण एकच जनुक आहे तिथे गाडी वेगाने चालली आहे. चालकपेशी मरत जाणारा एएलएस घ्या. त्यातल्या सुमारे दोन टक्के रुग्णांमध्ये एसओडी-१ जनुकाचा दोष असतो, त्यांच्यासाठी टोफर्सन हे पाठीतून द्यायचं औषध २०२३ मध्ये मंजूर झालं. उरलेल्या ९८ टक्क्यांना त्याचा उपयोग नाही. हालचाली आणि बुद्धी दोन्ही बिघडवणाऱ्या हंटिंग्टन या आनुवंशिक आजारात २०२५ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा जनुक-उपचाराने आजार लक्षणीय मंदावल्याची घोषणा झाली, मेंदूत एकदाच शस्त्रक्रिया करून दिलेला उपचार. पण तीन वर्षांचा हिशेब फक्त १२ जणांचा होता आणि तुलना चाचणीबाहेरच्या रुग्णांशी केलेली. पार्किन्सनमध्ये औषधापेक्षा निदान पुढे गेलंय: पाठीतल्या पाण्याच्या थेंबात बिघडलेलं सायन्यूक्लिन प्रथिन वाढवून शोधायची एक तपासणी आहे, तिने २०२३ च्या मोठ्या अभ्यासात सुमारे ८८ टक्के रुग्ण ओळखले. आणि चेतातंतूंचं आवरण खराब करणारा मल्टिपल स्क्लेरोसिस ज्यांना होतो त्यांना आधी एप्स्टीन-बार विषाणूचा संसर्ग झालेला असतो, ही गोष्ट अमेरिकेच्या सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांमुळे २०२२ मध्ये जवळजवळ पक्की झाली. अल्झायमरला असं एकच कारण नाही. त्यात सत्तरीपुढच्या मेंदूत बहुतेक वेळा दोन-तीन आजार शेजारी शेजारी नांदत असतात: थोडं अमायलॉइड, थोडे बारीक पक्षाघात, कधी सायन्यूक्लिन, कधी टीडीपी-४३ नावाचं आणखी एक प्रथिन. अमायलॉइड पूर्ण साफ करूनही उतार थांबत नाही, त्यातलं एक कारण हेही असावं.

रक्ताची तपासणी. गेल्या दहा वर्षांत माझ्या रोजच्या कामात खराखुरा बदल केला असेल तर तो हिने. टाऊ प्रथिनाचा पी-टाऊ २१७ हा तुकडा रक्तात वाढला की मेंदूत अमायलॉइड असण्याची शक्यता खूप जास्त. अमेरिकेत मे २०२५ मध्ये या प्रकारची पहिली तपासणी मंजूर झाली, ५५ च्या पुढच्या आणि लक्षणं असलेल्यांसाठी. पूर्वी हेच कळायला सुई घालून पाठीतलं पाणी काढावं लागायचं. रुग्ण कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन, घाबरून अंग आखडून पडलेला आणि मी त्याला 'जरा सैल सोडा, सैल सोडा' म्हणत असायची. आता बऱ्याच जणांचं ते चुकतं.

आईची ही तपासणी जरूर करा, पण निकाल तिच्या डॉक्टरांकडून समजून घ्या. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसतो. मधल्या पट्ट्यात आला तर काहीच ठरत नाही, पुढची तपासणी करावी लागते. तुमची स्वतःची मात्र करू नका. तुम्हाला लक्षणं नाहीत आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी निकाल 'आहे' आला तरी त्यावर करण्यासारखं आज सिद्ध झालेलं औषध नाही. शिवाय ज्या वयात आजार दुर्मीळ असतो तिथे चांगल्या तपासणीचेही चुकीचे 'आहे' वाढतात. फुकटची झोप जाईल.

तुमचा धोका किती? आईला सत्तरीत सुरू झालाय, म्हणजे कोलंबियातल्या घराण्यासारखा ठरलेला प्रकार जवळजवळ नक्कीच नाही. तसे बिघाड बहुधा साठीच्या आत आणि पिढ्यामागून पिढ्या दिसतात. आई-वडलांपैकी एकाला असेल तर धोका थोडा वाढतो. एपीओई-४ ची एक प्रत असली तर साधारण दोन-तीन पट, पण ती असूनही नव्वदीपर्यंत तल्लख राहिलेले लोक मी पाहिले आहेत आणि ती नसताना आजारी पडलेलेही.

'४५ टक्के डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टाळता येतो' हे तुम्ही वाचलेलं वाक्य 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालातलं आहे. त्यात १४ घटक आहेत: रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, धूम्रपान, कोलेस्टेरॉल, एकटेपण, डोक्याला मार, अधू दृष्टी, हवेचं प्रदूषण वगैरे. हे सगळे घटक समाजातून पूर्ण नाहीसे झाले तर किती फरक पडेल याचा तो हिशेब आहे. एका माणसाने सगळं नीट पाळलं म्हणजे त्याचा धोका ४५ टक्क्यांनी घटला असा त्याचा अर्थ नाही. तरी काही गोष्टींचा पुरावा दमदार आहे. नऊ हजारांहून अधिक लोकांच्या एका अमेरिकन चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवला, तर सौम्य स्मृतिदोष १९ टक्क्यांनी कमी झाले. चाळिशीतला तुमचा रक्तदाब ही आईच्या कुठल्याही तपासणीपेक्षा तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट आहे. शेवटचा कधी मोजला होता? श्रवणयंत्रांच्या चाचणीत सगळ्यांचा मिळून फायदा दिसला नाही, पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता त्यांची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली. आईला नीट ऐकू येतं का ते तपासून घ्या. न ऐकलेली गोष्ट कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि घरचे ती 'विसरली' म्हणून मोजतात.

नागिणीच्या लशीचा अभ्यास मला फार आवडला, त्यातली युक्तीच सुंदर आहे. वेल्समध्ये ही लस सुरू करताना २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारखेची सीमा ठरवली होती: त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना लस, आधीच्यांना कायमची नाही. म्हणजे एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेली, बाकी सगळं सारखं असलेली माणसं आपोआप दोन गटांत विभागली गेली. सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शिया सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला. का, ते अजून उलगडलेलं नाही. वजन आणि मधुमेहासाठीचं सेमाग्लुटाइड मात्र २०२५ च्या अखेरीस दोन मोठ्या चाचण्यांत अल्झायमर मंदावू शकलं नाही. त्याआधीची बरीच निरीक्षणं आशादायक होती. निरीक्षण आणि चाचणी यांत फरक कसा पडतो ते यातून कळतं. आणि लिथियम! २०२५ मध्ये उंदरांवरचा एक फार चांगला अभ्यास आला आणि पंधरवड्यात माझ्याकडे दोघे जण स्वतःच मागवलेल्या पुड्या घेऊन आले. लिथियमचा डोस थोडा चुकला तरी मूत्रपिंड आणि थायरॉइड बिघडतात. आईला असलं काही देऊ नका.

हो, औषधांवरून आठवलं. आई आणखी कोणत्या गोळ्या घेते ते तुम्ही लिहिलं नाही. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या ॲसिटिलकोलिन या आठवणीला लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाला अडवतात आणि डोनेपेझिल नेमकं तेच वाढवायला बघतं. एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर. एका बाईंच्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या मी टेबलावर ओतून घेतल्या. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या तीन गोळ्या अशाच निघाल्या. त्या थांबवल्यावर सहा आठवड्यांनी त्यांनी काढलेलं घड्याळ पहिल्यापेक्षा स्पष्ट सुधारलेलं होतं. आजार गेला नव्हता, वरचं धुकं गेलं होतं. बी-१२ आणि थायरॉइड तपासले नसतील तर तेही करून घ्या.

एक शेवटचं. पत्रात तुम्ही लिहिलंय की हे सगळं आईला न कळवता ठरवायचंय, कारण तिला त्रास होईल. इंजेक्शनचा धोका तिच्या मेंदूला आहे आणि त्यातून मिळणारे महिनेही तिचेच आहेत. आज ती सौम्य अवस्थेत आहे. धोका काय, फायदा काय हे समजून हो किंवा नाही म्हणणं तिला अजून जमतं. दोन वर्षांनी कदाचित जमणार नाही, तेव्हा तुम्हालाच ठरवावं लागेल आणि तिला काय हवं होतं याचा अंदाज करत बसावं लागेल. सकाळची वेळ निवडा, ती ताजीतवानी असते तेव्हा. टीव्ही बंद, घरात गर्दी नको. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि तिला काय समजलं ते तिच्याच शब्दांत सांगायला लावा. दुसऱ्या दिवशी तेच परत विचारा. दोन्ही दिवशी उत्तर एकच आलं तर ते लिहून ठेवा, तारीख घालून, आणि पुढच्या भेटीला तो कागद बरोबर आणा.